ऊस ओढण्यासाठी जुना ट्रॅक्टर घेताना



गळिताचा हंगाम आटोपला, ट्रॉल्या गोठ्यामागे उभ्या राहिल्या, की गावोगाव ट्रॅक्टरच्या सौद्यांची बोलणी सुरू होतात. कोणी वाहतुकीला कंटाळून ट्रॅक्टर विकायला काढतो, तर कोणी पुढच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा करार करावा म्हणून गिऱ्हाईक होऊन फिरतो. नवा ट्रॅक्टर सर्वांनाच झेपतो असे नाही. अशा वेळी सभासद गट ऑफिसात येतात आणि आम्हाला एकच प्रश्न विचारतात, "पन्नास एच.पी.चा आहे, दोन ट्रॉल्या ओढेल ना?"

ओढेल की! पण हा प्रश्न अपुरा आहे. भरल्या ट्रॉल्या ओढणे हे निम्मे काम झाले. त्याच ट्रॉल्या उतारावर मागून ढकलू लागल्या म्हणजे त्यांना थोपवणे हे उरलेले निम्मे काम, आणि माणूस जातो तो या दुसऱ्या निम्म्यात. म्हणून जुना ट्रॅक्टर पारखताना "ओढेल का?" याच्या आधी "थोपवेल का?" असे विचारावे, हे सांगण्यासाठी आजचा हा पाठ.

आपले वाडवडील बाजारातून बैल आणायचे, तेव्हा नुसता रंग आणि शिंगे बघून दावे हातात घेत नसत. दात मोजायचे, खूर बघायचे आणि शेवटी गाडीला जुंपून बघायचे. त्यातही जाणता माणूस बैल चढावर किती जोर करतो याबरोबर उतारावर जू मानेवर धरून गाडी कशी तोलतो, तेही बघायचा. ट्रॅक्टरची पारख याहून वेगळी नाही.

एका सभासदाची गोष्ट

काही हंगामांपूर्वी आमच्या गटातील एका सभासदाने दसऱ्याच्या तोंडावर दलालामार्फत जुना ट्रॅक्टर घेतला. रंग झकास, सीट नवी, वर मोठे स्पीकर. सौद्याच्या दिवशी ट्रॅक्टर सपाट डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटर पळवून बघितला, तोही रिकामा. पळाला छान.

डिसेंबरात ओढ्याच्या उतारावर भरल्या दोन ट्रॉल्या घेऊन येताना गिअर आपोआप सुटून न्यूट्रल झाला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. एका बाजूचा ब्रेक लागला, दुसऱ्या बाजूचा लागलाच नाही, कारण आतील सील गळून त्यावर तेल आले होते. ट्रॅक्टर तिरका झाला, मागच्या ट्रॉल्यांनी त्याला आडवा रेटला आणि सगळे खड्ड्यात गेले. ड्रायव्हर वाचला, पण त्याच्या मांडीचे हाड मोडले. घरात कमावता तो एकटा. सभासदाचा निम्मा हंगाम दुरुस्तीत गेला, टोळी बसून राहिली आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही.

नंतर फिटरने गिअर बॉक्स उघडला, तेव्हा गिअरचे दात कडेला झिजून गोल झालेले दिसले. हा दोष काही एका दिवसात झाला नव्हता, सौद्याच्या दिवशीही तो होताच. फक्त रिकाम्या ट्रॅक्टरने तो दाखवला नाही.

थोडा हिशेब

हिशेब ढोबळ आहे, पण प्रत्येकाने एकदा करून बघावा. ट्रॅक्टर सव्वादोन टन, दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून चार टन आणि ऊस सोळा टन धरला, तर एकूण वजन सुमारे २२ टन होते.

चांगल्या डांबरी रस्त्यावर एक टन वजन सरकवायला साधारण २० किलो ओढ लागते. म्हणजे २२ टनांना ४४० किलो. आता २० फुटांत १ फूट असा चढ आला, तर टनामागे आणखी ५० किलो, म्हणजे ११०० किलो वाढले. एकूण ओढ झाली १५४० किलो. एवढी ओढ ताशी ६ किलोमीटर वेगाने करायला चाकांवर सुमारे ३४ एच.पी. पुरते, ताशी १० किलोमीटरने करायची तर ५६ लागते. यावरून एच.पी.चा अर्थ उमगेल. एच.पी. जास्त असली की चढ लवकर चढतो. ती थोडी कमी असली तर खालच्या गिअरमध्ये सावकाश चढतो, एवढेच.

आता तोच रस्ता उलटा धरा, उतार. ११०० किलो खाली ढकलतात, त्यातून रस्त्याचा अडसर ४४० वजा करा. उरले ६६० किलो. उतार संपेपर्यंत एवढा जोर ट्रॅक्टरला मागून सतत ढकलत असतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. म्हणजे हा सगळा भार ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी धरायचा. त्या चाकांवर वजन दीड टन धरले, तर कोरड्या डांबरावर ती हजार किलोच्या आसपास धरतात. पण रस्त्यावर चिखल, दव किंवा पाचट पडलेले असेल, तर ही पकड निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. ५०० किलोची पकड आणि ६६० किलोचा रेटा! चाक थांबले तरी ट्रॅक्टर घसरतच जातो.

हा झाला सर्व काही ठीक असलेल्या ट्रॅक्टरचा हिशेब. त्यात एका चाकाचा ब्रेक नसेल किंवा गिअर सुटत असेल, तर काय उरले ते सांगायला नको. वेगाचेही तसेच. ताशी १५ वरून ३० वर गेलात, तर थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते.

पारख कशी करावी

ट्रॅक्टर बघायला सकाळी जावे आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, "आम्ही येईपर्यंत चालू करू नका." सोबत आपल्या विश्वासातला फिटर न्यावा. दलालाने आणलेला नको. त्याला दिवसाची मजुरी द्यावी लागली तरी ती वाया जात नाही.

१) चालू करण्याआधी. बॉनेटला हात लावा. गरम असेल तर मालकाने आधी चालू करून ठेवला आहे, म्हणजे थंडीत सुरू होण्याची तक्रार असू शकते. डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटचा संशय धरावा.

२) इंजिन. सुरू झाल्यावर धूर बघा. पहिला क्षणभर पांढरा धूर चालेल, पण तो थांबलाच नाही तर दाब कमी आहे किंवा नोझल बिघडले आहे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते, रिंगा आणि लायनर गेले. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. काही जण ताकद दिसावी म्हणून पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून ठेवतात. तो ट्रॅक्टर सौद्याच्या दिवशी वाघ वाटतो, पण हंगामात डिझेल पिऊन इंजिन खातो. ऑइल भरायचे झाकण सैल करून बघा. तिथून भकाभका वाफ आणि धूर येत असेल तर इंजिन काम मागते.

१ जानेवारी २०२३ पासून ५० एच.पी.च्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यानंतरच्या मोठ्या ट्रॅक्टरांत डिझेलचा पुरवठा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने होतो. असा ट्रॅक्टर कानाने ऐकून कळत नाही. तो स्कॅनर लावून तपासून घ्यावा.

३) तास. मीटरवर भिस्त ठेवू नका. मीटर बंद ठेवता येतो, बदलताही येतो. हिशेब करा. वाहतुकीचा ट्रॅक्टर हंगामात रोज १० तास चालला आणि हंगाम १४० दिवसांचा झाला, तर एका हंगामाचेच १४०० तास होतात. तीन हंगाम ऊस ओढलेल्या ट्रॅक्टरचा मीटर २००० दाखवत असेल, तर तो मीटर खोटे बोलतो. ट्रॅक्टरचे आयुष्य साधारण १०,००० तास धरण्याची पद्धत आहे. पेडलचे रबर, पायरी आणि स्टिअरिंगची झीज बघा, ती खोटे बोलत नाही.

४) क्लच. मोकळ्या जागेत वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा, थोडा रेस द्या आणि क्लच सोडा. इंजिन बंद पडले पाहिजे. घुरघुरत चालूच राहिले तर प्लेट घसरते.

५) गिअर आणि मागचा ॲक्सल. हे सर्वांत महत्त्वाचे. उतारावर प्रत्येक गिअरमध्ये रेस पूर्ण सोडून ट्रॅक्टर इंजिनवर उतरू द्या. दांडीला हात लावू नका, पण पाय ब्रेकजवळ असू द्या. ज्या गिअरमध्ये दांडी थरथरते किंवा सुटून न्यूट्रलला येते, तिथे सौदा थांबवा. मागून "गूंऽऽ" असा आवाज वेगाबरोबर वाढत असेल तर क्राउन-पिनियनचे काम आहे. फिटरला गिअर ऑइलचा थेंब बोटांवर घेऊन बघायला सांगा. त्यात चकाकणारा चुरा असेल तर आतले दात झिजत आहेत. ॲक्सलच्या नळ्यांवर, विशेषतः रंगाखाली, वेल्डिंगची रेघ आहे का ते बोट फिरवून बघा.

६) ब्रेक. दोन्ही पेडलांना जोडणारी पट्टी जागेवर आहे का? पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांची ती शेतात वळवताना काढली जाते ती कायमचीच. पट्टी लावून सपाट मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवून ब्रेक दाबा. दोन्ही चाकांचे वण सारखे उमटले पाहिजेत. ट्रॅक्टर एका अंगाला ओढत असेल, तर एका बाजूचा ब्रेक गेला आहे. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ असतील तर सील गेले असे समजा. नंतर चढावर हँडब्रेक लावून उभा करून बघा.

७) हूक, पिन आणि ड्रॉबार. ऊस ओढलेल्या ट्रॅक्टरचा इतिहास इथे लिहिलेला असतो. पिनचे भोक गोल राहिले आहे की लांबट झाले आहे? ड्रॉबार वाकलेला, पुन्हा वेल्डिंग केलेला आहे का? बोल्ट एका मापाचे आहेत की मिळेल ते ठोकले आहेत? फडातल्या चिखलातून दुसऱ्यांच्या गाड्यांना टोचन करून ज्याने हंगाम काढले, त्या ट्रॅक्टरचा हूक ते लपवू शकत नाही. हूक मुद्दाम वर उचलून बसवला असेल तर तो खाली घेतल्याशिवाय वापरू नये. ओढ जितकी उंचावरून, तितकी पुढची चाके उचलतात आणि चढावर ट्रॅक्टर उभा राहतो.

८) पुढचा भाग. वारंवार उचलून आदळल्याने पुढच्या ॲक्सलचे बुश, किंगपिन आणि ॲक्सल धरणारा ब्रॅकेट यांना चिरा जातात. जॅकवर चाक उचलून हलवून बघा. स्टिअरिंग मोकळे किती फिरते तेही बघा.

९) टायर. मागच्या टायरची जोडी म्हणजे किमतीचा मोठा हिस्सा. बाजूवरचे चार आकडे वाचायला शिका. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी दिसते म्हणून टायर नवा समजू नका. बाजूला बारीक चिरा असतील तर तो भाराखाली फुटतो.

१०) शेवटची परीक्षा. भरलेली ट्रॉली जोडल्याशिवाय सौदा नाही. ऊस नसेल तर माती भरा, मुरूम भरा. आधी एकच ट्रॉली, जाणता ड्रायव्हर, मोकळा रस्ता आणि आसपास पोरेबाळे नाहीत अशी वेळ. सौम्य चढावर थांबवून पुन्हा उचलायला लावा. मग त्याच रस्त्याने खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरवा. पाऊण तासाने तापमान आणि ऑइलचा काटा बघा. मालक भरली ट्रॉली लावू देत नसेल, तर त्याला रामराम करून घरी यावे. न झालेल्या सौद्यात कोणाचे पैसे बुडत नाहीत.

कागदपत्रे

आर.सी. बुकातील चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष ट्रॅक्टरवर वाचून ताडून घ्या. घासलेला, पुन्हा ठोकलेला नंबर असेल तर पुढे जाऊ नका. बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा आहे का, विमा आणि कर भरला आहे का, हे परिवहन खात्याच्या एम-परिवहन ॲपवरही बघता येते. घरातली मुले काढून देतील. बोजा असेल तर तो उतरल्याचा संस्थेचा दाखला आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. परराज्यातला ट्रॅक्टर असेल तर तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८ हवा.

ट्रॅक्टरची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण. किती वर्षे उरली ते मोजा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. ट्रॅक्टरबरोबर ट्रॉल्या घेत असाल तर त्यांचेही कागद वेगळे मागा.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विम्याच्या नावबदलासाठीही १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा. "सह्या करून ठेवल्यात, नावावर करू सावकाश" हे वाक्य आपल्याकडे फार चालते. विकणाऱ्या सभासदांनीही नीट ऐकावे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. ट्रॅक्टर चार हात फिरून गेला तरी नोटीस तुमच्या दारात येईल.

आणखी दोन गोष्टी. विम्याची पॉलिसी शेतकामापुरती आहे की भाड्याच्या वाहतुकीलाही चालते, ते वाचून घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी हात वर करते. आणि आधीच्या मालकाने दुसऱ्या एखाद्या कारखान्याशी वाहतुकीचा करार करून उचल घेतली आहे का, ते विचारा. ऐन हंगामात वसुलीची माणसे फडात येण्यापेक्षा आधी येणे-बाकी नसल्याचा दाखला मागितलेला बरा.

खरी किंमत कोणती

मालकाने सांगितलेला आकडा ही ट्रॅक्टरची किंमत नव्हे. बॉयलर पेटण्याआधी त्यावर जो खर्च करावाच लागेल, तो मिळवून येते ती खरी किंमत. समजण्यापुरते उदाहरण घेऊ. मागणी ४,५०,०००. फिटरने लिहून दिलेला खर्च असा: मागचे टायर ५५,०००, क्लच १८,०००, ब्रेक आणि सील १०,०००, पुढचे बुश ७,०००. बेरीज ९०,०००. म्हणजे ट्रॅक्टर ५,४०,००० ला पडला. हा कागद समोर ठेवून मगच भाव करावा. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते.

दुसरे असे, की २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरील जी.एस.टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. तेव्हा कोणी जुन्या चढ्या किमतीच्या हिशेबाने भाव सांगत असेल, तर त्याच एच.पी.च्या नव्या ट्रॅक्टरची आजची किंमत दुकानातून लिहून आणावी आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघावे.

आणि तिसरे, हाताशी पैसा राखून ठेवा. सगळी रक्कम सौद्यात घातली, की ब्रेकचे काम "पुढच्या बिलावर करू" म्हणून राहून जाते. मुकादमाची उचल, ड्रायव्हरचा पगार, डिझेल हे सगळे पहिले बिल हाती पडायच्या आधी लागते. खरेदी पावसाळ्यातच उरकावी, म्हणजे दुरुस्तीला दोन-तीन महिने मिळतात. दसऱ्याला घेतलेला ट्रॅक्टर दुरुस्त न होताच फडात जातो, हा आमचा अनुभव आहे.

घेतल्यानंतर

ट्रॅक्टर कितीही पारखून घेतला, तरी काही नियम सुटत नाहीत. रस्त्यावर ब्रेकची पट्टी लावलेलीच हवी. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, आणि तो उतार सुरू होण्याआधीच टाकायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून कधीही उतरायचे नाही. हुकाच्या पिनेला लॉक आणि ट्रॉलीला साखळी हवी. मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर असे लावा, की लोंबणाऱ्या वाढ्यांनी ते झाकले जाणार नाहीत. परवाना नसलेल्या पोराच्या हातात स्टिअरिंग देऊ नका. आणि ड्रायव्हर "ब्रेक कमी लागतोय मालक" म्हणाला, तर त्या दिवशीची खेप थांबवा. एक खेप बुडाली तर दुसऱ्या दिवशी निघेल.

उजळणीसाठी प्रश्न

हा अंक घडी करून खिशात ठेवावा आणि सौद्याला बसण्याआधी स्वतःला विचारावे:

१) भरल्या ट्रॉलीसह उतारावर चालवून बघितला का?
२) प्रत्येक गिअर रेस सोडल्यावर टिकतो का?
३) दोन्ही ब्रेक सारखे लागतात का, पट्टी आहे का?
४) हूक, पिन आणि ॲक्सल हाताने तपासले का?
५) नंबर, बोजा, विमा आणि नोंदणीची मुदत ताडली का?
६) फिटरचा खर्चाचा कागद हातात आहे का?

सहापैकी एकाचेही उत्तर "नाही" असेल, तर इसार देऊ नये. ट्रॅक्टर आणखी पुष्कळ मिळतील. ड्रायव्हर कोणाच्या तरी घरचा एकुलता कमावता असतो, आणि पुष्कळ वेळा तो आपल्याच घरचा असतो.

ज्यांना ट्रॅक्टर बघायला जाण्याआधी काही विचारायचे असेल, त्यांनी आपल्या गट ऑफिसात यावे. आम्ही आहोतच.